पावट्याच्या दिवसांत निपाणी

परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतोय, "बेळगावहून कुंदा आणला का?" नाही आणला. पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तिकडचं ते मराठी-कानडी भांडण बघितलं का?" तेही नाही बघितलं. दुकानांच्या पाट्या कानडीत होत्या, मला वाचता आल्या नाहीत, आणि त्यावाचून पाच दिवसांत माझं काही अडलं नाही. मी दुसरंच भांडण बघून आले. त्यात दोन वाक्यं माझीही पडली आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. बसा, पहिल्यापासून सांगते.

मी जळगावची. पंचवीस वर्षं डब्यांचा स्वयंपाक केला, आता गुडघे बोलायला लागले म्हणून थांबले. त्रिशला माझी तेव्हाची शेजारीण. तिच्या नवऱ्याची बँकेतली बदली आमच्याकडे झाली होती, सहा वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. नंतर ते निपाणीजवळच्या आपल्या गावी गेले. जैन शेतकरी कुटुंब. घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. तिथं तिला सगळे त्रिशलाआक्का म्हणतात आणि नवऱ्याला अण्णा. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मा. शिकली, बेळगावात एका ऑफिसात पाच वर्षं नोकरी केली, मग नोकरी सोडून वडिलांच्या दीड एकरात भाजी लावली. इथपर्यंत कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण ती भाजी पद्मा स्वतः निपाणीच्या आणि चिकोडीच्या बाजारात पोतं अंथरून, त्यावर बसून विकते. घोडं अडलं ते इथं.

जानेवारीत त्रिशलाचा फोन आला. "तू ये गं. पोरीची सुपारी फोडायची ठरलीया, पाहुणे जेवायला यायला लागल्यात. आणि ही ऐकालीच न्हाय. तुझं ऐकंल ती."

पाहुणे कोल्हापूरचे, कापडाचं मोठं दुकान. मुलाचं नाव शीतल. आमच्याकडे शीतल म्हटलं की दोन वेण्यांची मुलगी, पण तिकडे जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. मुलगा चांगला, पद्माला आवडलेला, चार महिने फोनवर बोलणं चाललेलं. मुलाच्या वडिलांची अट एकच होती. लग्नानंतर मुलीनं बाजारात बसायचं नाही. पिकवा म्हणे हवं तेवढं, विकायला माणूस ठेवा. पद्मा म्हणत होती, मी बसणार. आणि त्या दिवशी केटरर सांगायचा नाही, मी बसते त्याच बाजारातल्या भाजीचा स्वयंपाक करायचा, बघू देत त्यांना मी काय विकते ते. त्रिशलाचा बेत असा की मी जावं आणि पोरीला वाकवावं.

मी हो म्हटलं. मनातून मला कुणाला वाकवायचं-बिकवायचं नव्हतं. त्या भागात या दिवसांत कोवळा पावटा येतो हे ऐकून होते, तो रांधायचा होता.

बेळगाव

पद्मा मला बेळगावलाच घ्यायला आली, कारण तिला बियाणं घ्यायचं होतं. "मावशी, तू तासभर मंडईत फिर, मी आलेच," म्हणाली आणि गेली. मला मंडईत एकटीला सोडणं ही तिची चूक. पुढची सगळी माझी.

माय वो, काय तो माल! वाटाण्याच्या शेंगांचे ढीग, पालेभाजीवरचं दंव अजून न सुकलेलं. मी "मेथीची जुडी कशी दिली?" विचारलं तर बाई हसली, "जुडी न्हाय आक्का, पेंडी म्हणायचं." पेंडी तर पेंडी, आमच्या दोन जुड्या तिच्यात बसल्या असत्या. पुढे रताळी दिसली आणि माझा ताबा गेला. लालबुंद सालीची, माती ओली, मोडली की चीक यावा अशी. "घ्या की, खानापूरकडची हाईत, साखरेगत लागत्यात," विकणारा म्हणाला. पाच किलो घेतली. मग नवे बटाटे घेतले, पातीचा कांदा घेतला, गाजरं घेतली, आलं घेतलं, आणि लसूण तर असा पांढराशुभ्र की तो न घेणं म्हणजे पाप वाटलं.

पद्मा आली, पिशवीत डोकावली आणि फुटपाथच्या कडेवर मटकन बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मावशी, यातलं एक तरी आमच्या घरात चालतंय काय? सगळं कंदमूळ उचललंस की गं. जमिनीखालचं आम्ही खात न्हाय."

"अगं, पण तुझी आई माझ्याकडे भरीत खायची!" मी म्हटलं. "आमचं खानदेशी, पातीचा कांदा आणि लसूण घातलेलं."

"आई? लसूण?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वीस वर्षांचं गुपित भर रस्त्यात फोडलं. सासरपासून लांब होती तेव्हा त्रिशला माझ्या ओट्यावर बसून भरीत चापायची आणि बडीशेप खाऊन घरी जायची. पुढे तिनं नियम घेतला आणि तो कडक पाळला, हे मला कुणी कळवलंच नव्हतं. पद्मानं कुणाला न सांगायची शपथ घेतली. बसपर्यंत जाताना मात्र तिला चारदा हसू फुटलं.

पिशवी आम्ही तिच्या जुन्या घरमालकिणीकडे पोचवली. त्या बाईनं आम्हाला चहा पाजला आणि बदल्यात परसातले दोन नारळ दिले. सौदा वाईट नव्हता. मग निपाणीची बस. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, तवंदीच्या घाटात बस त्यांच्यामागे गोगलगायीसारखी, आणि खिडकीतून गुऱ्हाळाच्या रसाचा वास. त्या वासापायी मी सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना माफ केलं.

त्रिशलाच्या घरी

पोचल्या पोचल्या मी जळगावहून आणलेला काळा मसाला काढला. त्रिशलानं डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि तो बाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवला. "कांदा हाय ह्यात," म्हणाली. आवाजात जरा हळहळ होती, ती मी बरोबर ओळखली.

कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, बटाटा नाही. पंचवीस वर्षांत ज्यांच्या जोरावर मी नाव कमावलं ते चारही गडी बाद. मी वैतागले. "मग शेंगदाणे कसे चालतात? तेही जमिनीखालीच येतात ना?"

"शेंगा चालत्यात."

"का?"

"चालत्यात म्हणून चालत्यात. वाद घालू नको, कूट कर."

संध्याकाळी साडेपाचला पानं मांडली. त्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण आटपतं, मग पाण्यापलीकडे काही नाही. आमच्याकडे साडेपाचला दुसरा चहा होतो. मी नाराजीनं बसले आणि ज्वारीच्या तीन भाकऱ्या खाऊन उठले. त्या मऊ भाकरीचं काय करणार, आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची सर तिला येणार नाही असं मनाशी म्हणत होते आणि हात चौथीकडे जात होता.

जेवण झाल्यावर त्रिशलानं मला मागच्या दारी नेलं. "आमच्यातली बाई बाजारात बसलेली कुणी बघितली न्हाय. माल गाडीत घालायचा, व्यापाऱ्याला द्यायचा, झालं. ही पोत्यावर बसती. आल्यागेल्याची बोलणी ऐकती. देवळात बायका मला विचारत्यात, त्रिशलाआक्का, पोरीला काय कमी पडलं वो? काय सांगू मी? आता इतकं चांगलं स्थळ आलंय. तेबी हातचं गेलं तर मी तोंड कुठं दाखवू?" बोलता बोलता तिनं पदरानं डोळे पुसले. माझी मैत्रीण खोटं रडणारी नाही. मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

तिला शब्द दिला म्हणून मी पद्माशी बोलायला गेले. ती अंगणात पावट्याच्या शेंगा निवडत होती. माझं पहिलं वाक्य व्हायच्या आत म्हणाली, "मावशी, उद्या बाजारला चल. बघ. मग काय समजवायचं ते समजव."

निपाणी, बाजाराचा दिवस

इथल्या बाजाराची एक रीत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जागेचा कागद नसतो. जो बसतो त्याची जागा. एखादा बाजार चुकला तर शेजारीण राखते, दोन चुकले तरी राखते. पण महिनाभर कुणी बसलं नाही तर तिथं दुसरी बाई पोतं टाकते, आणि मग परत येऊन भांडायचं नसतं. भांडलं तर सगळा बाजार नव्या बाईच्या बाजूनं उभा राहतो. पद्माला ही जागा मिळायला वर्ष गेलं. तोवर ती गटाराच्या कडेला बसायची. मग लिंबू-मिरची विकणाऱ्या कल्लव्वानं एक दिवस आपली टोपली सरकवली आणि म्हणाली, "बा, हितं कुंद्र." म्हणजे ये, इथं बस.

ही कल्लव्वा सत्तरीची, कपाळभर कुंकू, आवाज असा की दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघेल. मला बघून तिनं आधी विचारलं, "ऊट आतेन्री?" जेवलात का? सकाळचे आठ वाजले होते. मी नाही म्हटलं तर स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली, वर हिरव्या मिरचीचा खरडा. आमच्याकडे बाजारात शेजारणी एकमेकींचं गिऱ्हाईक ओढतात. इथंही ओढतात, पण आधी खाऊ घालतात.

पहिली भवानी झाली, पद्मानं नोट कपाळाला लावली आणि मग थांबायला फुरसत नाही. मी म्हटलं, माणूस ठेवला तर काय बिघडेल गं? तिनं पावट्याची एक शेंग माझ्यासमोर फोडली.

"पहिल्या वर्षी मी मोठ्या दाण्याचा लावलता. दिसायला लई भारी. तीन बायकांनी शेंग फोडली, दाणा चावला आणि टाकून दिला. चवथी म्हणाली, बाळ, ह्यात चव न्हाय, आमच्या आईकडं बारक्या दाण्याचा असायचा तो लाव. तिच्या माहेरात जाऊन बी आणलं. आता बघ, अकराच्या आत संपतोय. माणूस ठेवला असता तर त्यानं काय सांगितलं असतं? आज माल खपला न्हाय, एवढंच. मी काय लावायचं हे मला हितं कळतं मावशी. हितनं उठले की मी आंधळी."

तेवढ्यात एक बाई आली, पावट्याच्या ढिगात हात घालून खालच्या शेंगा वर, वरच्या खाली करायला लागली आणि म्हणाली, "किडका दिसतोय." मला राहवलं नाही. "बाई, घ्यायचा तर घ्या, त्याला अंघोळ कशाला घालताय?" बाई फणकारून निघून गेली. पद्मानं कपाळावर हात मारला, "मावशी, ती माझी दर बाजारची किलोभर घेणारी हाय!" कल्लव्वा एवढी हसली की तिचं एक लिंबू घरंगळत रस्त्यावर गेलं. ती बाई तासाभरानं परत आली. चवीला शरण गेली, दुसरं काय.

मधे शीतलचा फोन आला. पद्मा बोलताना शेंगा निवडत होती आणि गालातल्या गालात हसत होती. ते हसू बघून मला वाटलं, त्रिशलाही चुकीची नाही. हे जमलं पाहिजे. दोन्ही जमलं पाहिजे.

स्वयंपाकाची खरेदी तिथंच केली. पावटा, काकडी आणि ढबू मिरची पद्माच्या रानातली. चाकवत, हिरवे टोमॅटो, ओल्या तुरीच्या शेंगा, लिंबं शेजारणींकडून. माल देताना बायका विचारत होत्या, "पाहुणे कवा यायचे? पोरगा गोरा हाय का काळा?" पद्मानं सगळ्यांना सांगून टाकलं, "तुमचाच माल शिजणार हाय. जेवायला तुम्हीबी यायचं." घरी हे कळल्यावर त्रिशला डोकं धरून बसली. शेवटी तिनं मार्ग काढला, पाहुणे चारला येतील, पहिली पंगत त्यांची. बाजारच्या बायका मागाहून, दुसऱ्या पंगतीला.

पंगत

पाहुणे यायच्या दिवशी मी पहाटेपासून चुलीशी होते आणि मनात धाकधूक. लसणाशिवाय मी कधी काही रांधलं नव्हतं. पावट्याला नुसती जिऱ्याची फोडणी, हिंग, हिरवी मिरची, शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झाकण काढलं तर कोवळ्या दाण्याचा असा गोडसर वास आला की मी थबकले. आयुष्यभर मी पावट्यावर लसणाचा वास चढवत आले होते. हे कबूल करायला मला जड जातंय, पण कबूल करते. चाकवताला ताक लावून पातळ केला, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी केली, ढबू मिरचीत बेसन आणि तीळ भरले, हिरव्या टोमॅटोची चटणी वाटली. खीर त्रिशलाची. खपली गहू आदल्या दिवशी ओलवून, कांडून, कोंडा काढून, सकाळपासून मंद शिजवलेले, त्यात गुऱ्हाळावरचा नवा गूळ. ती पोरीवर चिडलेली होती, पण खिरीवर तिनं राग काढला नाही.

चार वाजले. पाहुणे नाहीत. साडेचारला फोन, कागलला एका नातेवाईकाकडे चहाला थांबलोय. पाचला फोन, कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागलीय. तोवर कल्लव्वा आणि आणखी आठ बायका अंगणात येऊन बसलेल्या. सूर्य कलायला लागला. बायकांचा परतीचा टेम्पो साडेसहाला होता आणि त्रिशलाच्या घरात दिवस बुडाल्यावर पान मांडत नाहीत.

पद्मानं अंगणात पट्ट्या अंथरल्या.

"काय करालीस तू?" त्रिशला ओरडली. "पाहुण्यांच्या आधी?"

"वेळेवर आल्यात त्या जेवतील, आई. अन्न केलंय ते जेवायला केलंय."

पानं मांडली. बायका जेवायला बसल्या आणि बोलायच्या थांबल्या. तुम्हाला सांगते, स्वयंपाकिणीला यापेक्षा मोठं बक्षीस नाही. कल्लव्वानं पावट्याचा घास घेतला आणि मान हलवली, "चलो ऐती." छान आहे. मी तिच्या पानात आणखी वाढायला वाकले तेवढ्यात दारात गाडी थांबली. पावणेसहा झाले होते.

मुलाचे वडील आत आले आणि पंगत बघून उभेच राहिले. मागे मुलाची आई, शीतल आणि एक काका. "अण्णा, हे काय? पाहुणे यायच्या आधीच पंगत?"

अण्णा फार बोलत नाहीत. "दिवस बुडायला आलाय साहेब. तुम्हीबी बसा, पानं तयार हाईत," एवढंच म्हणाले.

"ह्यांच्यासंगट?"

हळूच म्हणाले, पण म्हणाले. कल्लव्वाला मराठी सगळं कळतं. तिचा हात पानावरच थांबला. त्या थांबलेल्या हाताकडे बघून माझं डोकं फिरलं. "चारला बोलावलं होतं तुम्हाला," मी म्हटलं. "सूर्य काही कोगनोळीच्या रांगेत अडकला नाही."

त्रिशलानं मला चिमटा काढला. दंडावर वण उठला होता, खोटं सांगत नाही.

पद्मा मात्र शांत होती. "ह्यांच्यासंगटच," ती म्हणाली. "हा चाकवत त्यांच्या रानातला. लिंबू कल्लव्वाचं. ह्यांच्यामुळं मला भाजी लावायला आली. बसा, वेळ थोडा हाय."

मुलाची आई कडक नियमाची. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा मावळतीकडे, आणि नळावर हात धुऊन मुकाट्यानं पंगतीच्या टोकाला बसली. पावटा तिनं दोनदा घेतला. खीर वाढताना पद्मा वाकली तेव्हा म्हणाली, "कुणी केलीया? आमच्या आईगत झालीया." वडील खुर्चीवर बसून राहिले. काका त्यांच्या शेजारी. शीतल भिंतीला टेकून उभा, एकदा पंगतीकडे बघे, एकदा वडिलांकडे. आणि बघता बघता दिवस बुडाला. ते तिघं उपाशी राहिले. मला वाईट वाटलं नाही. शीतलबद्दल थोडं वाटलं.

बायका हात धुवायला उठल्या तेव्हा वडिलांनी विषय काढला. "सुपारीआधी एक साफ करून घेऊ. लग्नानंतर बाजार बंद. विकायला माणूस आम्ही देतो, त्याचं काय असेल ते आम्ही बघतो."

खिरीचं पातेलं पद्माच्या हातातच होतं.  तिनं शीतललाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

शीतलचे ओठ हलले. मला अजून वाटतं की त्याला बरं काहीतरी बोलायचं होतं. पण तो म्हणाला, "वर्षभर नको जाऊस. पप्पांचा राग शांत झाला की मग बघू की आपण."

"वर्षभरानं माझी जागा राहत न्हाय," पद्मा म्हणाली. "आणि मला कुणाचा राग शांत व्हायची वाट बघत बसायचं न्हाय. सुपारी फोडू नका." शब्द एकही गिळला नाही.

पाहुणे उठले. गाडीत बसायच्या आधी मुलाची आई तेवढी परत वळली आणि पद्माच्या गालावरून हात फिरवून गेली. बाजारच्या बायकांनी न सांगता पानं उचलली, अंगण झाडलं आणि टेम्पो गाठला. पद्मा मागच्या दारी पातेलं घासत बसली. घासून लखलखीत झालं तरी घासत होती, आणि डोळ्यांतलं पाणी त्यात पडत होतं. मी शेजारी बसले. तिला तो आवडत होता हो. हे कुणी विसरू नका. मी एकदाही म्हटलं नाही की बरं झालं. त्रिशलानं देवघरात शिरून आतून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ही जन्मभर मला क्षमा करणार नाही. मला वाकवायला बोलावलं होतं आणि मी तेल ओतून आले.

चिकोडी

सकाळी सहाला टेम्पो दारात. चिकोडीचा बाजार होता. पद्माचे डोळे सुजलेले, पण शेंगांची पोती मोजून चढवली. मी तिच्याबरोबर निघाले, कारण घरात थांबून त्रिशलाच्या गप्प तोंडाला तोंड देण्याची माझी हिंमत नव्हती. टेम्पो चालू झाला आणि मागून हाक आली, "थांबा."

त्रिशला. इस्त्रीचं सुती लुगडं, डोक्यावर पदर, हातात बसायला पाट. आमच्याकडे न बघता वर चढली. तासाभराचा रस्ता ती पाट मांडीवर धरून बसली.

बाजारात पद्मानं पोतं अंथरलं. त्रिशलानं त्यावर पाट ठेवला, काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलला आणि पोत्यावरच बसली. पदर नाकापर्यंत ओढलेला. गिऱ्हाईक आलं की मान खाली. पद्मा आपली विकत होती. मी काकड्या पुसत होते. असा घंटाभर गेला.

मग एक बाई समोर येऊन थांबली. चापूनचोपून नेसलेली, हातात कापडी पिशवी. देवळातली ओळख, लांबची नातेवाईकही. ती वाकून पदराखाली बघायला लागली. "त्रिशलाआक्का? तुम्ही? हितं?" आणि मग, आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात, "पोरीची सोयरीक ठरली म्हणं?"

पद्माचा हात शेंगांतच राहिला. माझ्या तोंडाशी आलेलं मी दात आवळून मागे लोटलं, कारण हा प्रश्न मला विचारलेला नव्हता.

त्रिशलानं पदर मागे सारला.  पुढचा तराजू तिनं ओढून घेतला. एका पारड्यात किलोचं वजन टाकलं.

"न्हाय ठरली," ती म्हणाली. पहिल्यांदा हळू. मग मान वर करून परत म्हणाली, आणि या वेळी पलीकडच्या बायकांनीही वळून बघितलं. "न्हाय ठरली. माझी पोरगी बाजार सोडणार न्हाय. पावटा आज पहाटंचा हाय. किलो देऊ का दोन?"